सुखदेव मिस्त्रींचं मैदान

त्या दिवशी सकाळी सर्व्हेची जीप उतई गावाच्या पुढे नाल्यात पडली. जीपमध्ये तिघे होते. दोघे चालत रस्त्यावर आले. नामदेव आला नाही. जीप नामदेव चालवत होता. तिचं स्टीअरिंग आदल्या दिवशी त्याच्या थोरल्या भावानं दुरुस्त केलं होतं. तो भाऊ म्हणजे आमच्या गॅरेजचे सुखदेव मिस्त्री.

मिस्त्री गेल्याचं मला त्यांच्या पुतणीकडून बाजारात कळलं. घरी आलो, भाजीची पिशवी तशीच ठेवली आणि लिहायला बसलो. तेव्हापासून रोज थोडं थोडं लिहितो आहे. माणसाची आठवण लिहायची तर सुरुवात त्याच्या बोलण्या-चालण्यापासून करावी, पण मिस्त्रींच्या बाबतीत तो दिवस आडवा येतो. त्याला ओलांडून पलीकडे जाता येत नाही. म्हणून आधी तोच लिहून टाकला.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. वाहन विभागाच्या गॅरेजमध्ये मी स्टोअरचा कारकून होतो. वडील रेल्वेतले, नागपूरकडून बदली होऊन दुर्ग लाइनवर आलेले. मी मॅट्रिक झालो, पुढे थोडं शिकलो आणि या पत्र्याच्या खोलीत येऊन बसलो. सुटे भाग देणं हे माझं काम. पण सुटे भाग क्वचितच असत, त्यामुळे प्रत्यक्षात माझं काम नाही म्हणण्याचं होतं. उरलेला वेळ वाचण्यात जाई. खिडकीतून समोर मिस्त्रींचं बाक दिसे, आणि बाकामागे मैदान.

आमच्याकडच्या जीपा लढाईत वापरून झालेल्या होत्या. लढाई संपल्यावर लिलावात निघालेल्या, दोन-तीन ठेकेदारांच्या हाताखालून आलेल्या. इंजिनं अजून जोरात होती, पण स्टीअरिंग कामातून गेलेली. स्टीअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंत दांड्या जातात. दोन दांड्या जिथे जुळतात तिथे वाटीत बसलेला एक गोळा असतो. मुरमाची धूळ आणि चिखल खाऊन तो गोळा झिजतो, वाटी सैल होते. मग हातातलं चाक फिरवलं तरी खालच्या चाकांना काही वेळ पत्ताच नसतो. या रिकाम्या फिरण्याला गॅरेजमध्ये प्ले म्हणत. आमच्या काही जीपांना इतका प्ले होता की ड्रायव्हर वळण यायच्या आधीच चाक फिरवायला लागायचा, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, सरळ रस्त्यावर हा काय करतो आहे.

झिजलेले ते गोळे मिस्त्री नव्यानं घडवत. वेल्डिंगचा थर चढवायचा, मग कानशीनं घासत घासत गोल करायचा. वाट्या ते भंगारातल्या गनमेटल नावाच्या पितळी धातूतून लेथवर काढत. हे काम करणारे दुसरेही होते. मिस्त्रींसारखा आपल्या कामावर भाळलेला मात्र दुसरा कोणी नव्हता.

ते उंच होते, सडसडीत, आणि अंगावर खाकी कपडे असले तरी कडक इस्त्रीचे. बाकाच्या खिळ्याला एक छोटा आरसा टांगलेला असे. जीपखाली शिरायच्या आधी ते त्यात पाहून भांग काढत. कोणी हसलं तर म्हणत, "हसता काहून? खाली गेलो का गाडी आपल्याले पाहते ना बाप्पा."

तयार झालेला गोळा ते तळहातावर घेऊन पहिल्यांदा माझ्या खिडकीशी येत. मला त्यातलं काही कळत नसे, पण बघणारा पाहिजे असे. "पाहा बाबू. असा गोळा कलकत्त्यात बनून नाही राहिला." मी विचारलं होतं, तुम्ही कलकत्त्याला गेला होता का? ते म्हणाले, "जाऊन काय करू? गोळे तं इकडं हायेत."

एकदा कारखान्यावरच्या रशियन तज्ज्ञांपैकी एक जण दुभाष्याला घेऊन गॅरेजमध्ये आला. त्यानं मिस्त्रींच्या हातातला गोळा घेतला, अंगठा फिरवला, मान हलवली आणि एक सिगारेट देऊन गेला. मिस्त्री सिगारेट ओढत नसत. ती त्यांनी दिवसभर कानावर ठेवली. संध्याकाळपर्यंत गोष्टीत रशियनानं सलाम ठोकला होता, दुसऱ्या दिवशी त्यानं मिस्त्रींना आपल्या देशात चला म्हटलं होतं. मी तिथेच उभा होतो हे त्यांना माहीत होतं. तरी माझ्या तोंडाकडे पाहत ते म्हणाले, "सांगा ना बाबू, काय म्हने तो?" मी म्हणालो, "चला म्हणाला." काय करणार?

जॉइंट उघडा असेतोवर मिस्त्री एक शब्द बोलत नसत. वाटीतून गोळा निघाला की तोंड बंद, तो परत बसून पिन लागली की मगच उघडायचं. मध्ये साहेब आले तरी भुवईनंच उत्तर. आमच्या गॅरेजात मग ही बोलायची रीतच पडली. कोणी गप्प दिसला की लोक विचारत, "काय बे, जॉइंट उघडा हाय का?"

मी काय वाचतो याची त्यांना उत्सुकता होती. "खरी गोष्ट हाय का?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"नाही. लिहिणाऱ्यानं रचलेली आहे."

"मंग ते बसली का नाही बसली, कसं तपासता?"

पुढे मी त्यांना कथा सांगायला लागलो, मुद्दाम जॉइंट उघडा असताना, म्हणजे मध्येच तोडता येऊ नये. ते खाली पडून ऐकत. पिन लागली की सरपटत बाहेर येत, हात पुसत आणि निकाल देत. "बाई घर सोडून गेली, ते बसलं. पन परत आली, ते ढिलं हाय. जरा कसून आना." मी म्हणायचो, मी लिहिलेली नाही. "मंग त्याले सांगा."

तपासणीला ते आपलं बोट वापरत. दांडीच्या जोडावर डाव्या हाताचं पहिलं बोट टेकवायचं, डोळे मिटायचे आणि वर बसलेल्याला चाक हलकं हलवायला सांगायचं. प्ले असेल तर बोटाला टिचकी लागते. एका ड्रायव्हरनं कुरकुर केली होती, "प्ले हाय, पन चालते ना मिस्त्री."

"चालते तं गाय बी. तिले स्टीअरिंग लावून देऊ?"

आणि मग मैदान. गॅरेजमागच्या मुरमाच्या मोकळ्या जागेत त्यांनी रिकाम्या ड्रमांच्या दोन रांगा मांडल्या होत्या. ज्या जीपचं स्टीअरिंग कसलं, तिच्या ड्रायव्हरनं रिकामी जीप घेऊन त्या ड्रमांमधून फिरायचं. मिस्त्री म्हणतील तेव्हाच थांबायचं, आणि तोवर गाडी बाहेर काढायची नाही. हा नियम कोणत्याही साहेबानं केलेला नव्हता, मिस्त्रींचाच होता. ते मध्ये लाल फडकं घेऊन उभे राहत आणि ओरडत, "अजून नाही. हात जुनाच हाय."

त्यांचं म्हणणं असं. ढिल्या स्टीअरिंगवर महिनोन्‌महिने चालवणाऱ्याचा हात ढिलेपणा शिकतो. चाक जास्त फिरवायचं, लवकर फिरवायचं, सतत इकडे-तिकडे हलवत ठेवायचं, हे तो न सांगता करतो. मग एक दिवस आपण ते घट्ट करतो. गाडी बदलते, हात नाही. "हात शिकला ते आपल्या मनानं विसरत नाही, बाबू. त्याले विसरवा लागते."

ड्रायव्हरांना हे मैदान म्हणजे अपमान वाटे. कोल्हूचा, घाण्याचा बैल केला म्हणत. पण मिस्त्रींशी वाद घालण्यापेक्षा चार फेऱ्या बऱ्या, म्हणून फिरत.

नामदेव त्यांचा धाकटा भाऊ. दोघे भंडाऱ्याकडचे. मिस्त्री आधी आले, मग त्याला बोलावून घेतलं, गाडी शिकवली. नामदेव हसरा होता, शीळ घालत जीप चालवायचा. सर्व्हेची जीप पहिल्यापासून त्याच्याकडे. ती सगळ्यांत ढिली होती आणि त्याला तिचा अभिमान होता. "माझी गाडी दुसऱ्याले नाही वळत," असं तो म्हणे, आणि ते खरं होतं. दुसरा कोणी बसला तर जीप गेटातून सरळ निघत नसे. नामदेव एका हातानं चालवत असे.

गावाकडे असताना तो प्यायचा. हे तो स्वतःच सांगे. मग नागपूरला दोघा भावांनी दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून त्यानं थेंब घेतला नाही. होळीला कॅम्पातली, म्हणजे आमच्या कामगार वस्तीतली, पोरं बाटली पुढे करून त्याची परीक्षा पाहत. तो हात जोडून हसत पुढे जाई. मिस्त्री आपल्या गोळ्यांबद्दल जितकं बोलत, तितकंच या गोष्टीबद्दल गप्प असत. एकदाच माझ्याशी बोलले. "आमाले गावात लोक दोन गोष्टीवरून हाका मारत. एक जात. ते त्याईच्या तोंडात होती. दुसरी दारू. ते आमच्या हातात होती, ते आमी टाकली." एवढं म्हणून ते आरशात पाहून भांग काढायला लागले.

चौघं एकाच क्वार्टरमध्ये राहत. मिस्त्रींची बायको गावीच वारली होती. नामदेवची बायको रुक्मावहिनी, आणि त्यांची लहानगी शकू. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी त्यांच्या घरातली जुनी चाल. वहिनी डोक्यावरून पदर घेऊन चुलीजवळून म्हणे, "शकू, मोठ्या बाबाले म्हन, भात घ्या." मिस्त्री पाटावरून म्हणत, "शकू, आईले सांग, वरन कमी घाल." शकू आपली चिंधीची बाहुली निजवत असे आणि कोणालाच काही सांगत नसे. माझं जेवण तिकडे झालं की मी हा संवाद ऐकत बसे. इतकं सगळं ठरायचं त्यात! बाजार, पाहुणे, शकूची नवी झबली, सगळं.

सर्व्हेच्या जीपचं स्टीअरिंग अखेर अगदीच गेलं. नामदेवचं म्हणणं, राहू द्या. मिस्त्रींनी ऐकलं नाही. भावाची गाडी म्हणून त्यांनी प्रत्येक जोड नवा केला, प्रत्येक गोळा घासला. बेलक्रँक नावाचा जो मधला तुकडा असतो, त्याची पिनसुद्धा नवी बसवली. शेवटचा जोड लावून बाहेर आले तेव्हा चेहरा असा होता की मी खिडकीतून उठून गेलो. त्यांनी माझं बोट धरून जोडावर टेकवलं आणि चाक हलवायला लावलं. माझ्या बोटाला काहीच लागलं नाही. "काई लागलं?" "नाही." "बस. आता तुमी लिवा याच्यावर काई तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेवाले सामान घेऊन गेटाशी उभे होते. नामदेव जीपमध्ये बसला. मिस्त्री लाल फडकं घ्यायला वळले, तर तो म्हणाला, "दादा, मले बी मैदान? मी का नवा आहो?"

"नियम हाय."

"लोक उभे हायेत ना. तूनंच केली, मीच चालवून राहिलो. घरची गोष्ट."

मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला. जीपकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. आदल्या दिवसाचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर अजून होता. म्हणाले, "जा. आज लोणी हाय लोणी." नामदेव शीळ घालत गेला. गावातून हळू गेला असणार. हळू चालवताना कळत नाही. उतई सोडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि त्यानं वेग घेतला.

जीप नाल्यात पडताना एका गुराख्यानं पाहिली. तो म्हातारा जे दिसलं ते सांगत होता: रस्ता रिकामा होता, गाडी एकदम बाजूला गेली, मग दुसऱ्या बाजूला, मग सापासारखी डोलत पुलाच्या कडेवरून खाली गेली. मागे बसलेल्या सर्व्हेवाल्यांनीही तेच सांगितलं. त्यांना आणखी काही कळलं नव्हतं.

आमच्या साहेबांनी जीप ओढून आणवली आणि स्टीअरिंग उघडायला लावलं. साहेब बंगाली होते, हळू बोलणारे, कोणाचं वाईट व्हावं असं न वाटणारे. प्रत्येक जोड जागच्या जागी होता. एकही पिन निघाली नव्हती. साहेबांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं काम पक्कं होतं, मिस्त्री. तुमचा काही दोष नाही." त्यांना वाटलं असेल, याला तेवढाच दिलासा.

पण काम पक्कं, रस्ता रिकामा, आणि गाडी डोलत गेली. याचा जो अर्थ निघायचा तो कॅम्पात निघाला. नळावर, चहाच्या टपरीवर. आधी म्हणाले, पुन्हा सुरू केली असेल. मग म्हणाले, सुटलीच कधी होती? एकजण माझ्यादेखत म्हणाला, "दीक्षा घेतल्यानं का घसा बदलते?" त्यावर दोघे हसले. आणखी थोड्या दिवसांनी तर कोणी हसेनासंही झालं, ती ठरलेलीच गोष्ट झाली.

मी त्यांच्या घरी गेलो होतो. मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते, मी खाटेवर. शकू दारात खेळत होती. रुक्मावहिनी आतून आली. पदर डोक्यावर होता, पण ती चुलीशी थांबली नाही. मिस्त्रींच्या समोर येऊन उभी राहिली आणि त्यांच्याकडे पाहून बोलली. शकूचं नाव घेतलं नाही.

"खरं सांगा. त्याईनं घेतली होती का?"

मला वाटलं ते नाही म्हणतील. एक शब्द तर होता. पण नुसत्या नाहीला आता काही वजन उरलं नव्हतं, हे त्यांना कळलं असावं. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार: मग काय झालं? वहिनी उत्तराची वाट पाहत उभी राहिली, मग आत गेली. मिस्त्री मला म्हणाले, "इले बी तसंच वाटून राहिलं, बाबू."

ते सायकल काढून निघाले. कुठे ते मला नंतर कळलं. उतईकडे, त्या गुराख्याला शोधायला.

सुटीच्या दिवशी मिस्त्रींनी मैदानात लोक बोलावले. कॅम्पातल्या घराघरांत स्वतः जाऊन सांगितलं, टपरीवरही सांगितलं. साहेबांनाही विनंती केली आणि ते आले. बायका एका बाजूला उभ्या होत्या, त्यांत कडेवर शकूला घेतलेली रुक्मावहिनी. गुराखी ड्रमावर बसला होता.

मिस्त्रींनी बिसाहूला पुढे बोलावलं. बिसाहू आमच्याकडचा छत्तीसगढी ड्रायव्हर, कबीरपंथी, गळ्यात कंठी. दारूचं नाव निघालं तरी तो उठून जात असे, हे सगळ्या कॅम्पाला माहीत होतं. त्याची जीप आता सगळ्यांत ढिली. मिस्त्री म्हणाले, "चालव. जोरात." बिसाहूनं ड्रमांमधून जीप अशी नेली की एकाही ड्रमाला धक्का लागला नाही. स्टीअरिंगवर त्याचे हात सारखे इकडे-तिकडे हलत होते, जीप मात्र सरळ.

मग मिस्त्री तिथेच, सगळ्यांसमोर, जीपखाली शिरले. घडवून ठेवलेले गोळे त्यांनी फडक्यात बांधून आणले होते. बराच वेळ लागला. ऊन चढलं. कोणी गेलं नाही. जॉइंट उघडा होता आणि इतकी माणसं असून मैदानात कोणी बोलत नव्हतं.

ते बाहेर आले. "चालव. आत्ता चालवली तशीच."

बिसाहूनं वेग घेतला आणि पहिल्या ड्रमाशी चाक फिरवलं, सवयीनं, नेहमीएवढं. जीप झटकन आडवी झाली. त्यानं उलट फिरवलं, ती उलट्या बाजूला गेली. एक ड्रम उडाला, मग दुसरा. लोक हसले. बिसाहू थांबला, घाम पुसत ओरडला, "का करंव भइया, गाड़ी अपने मन के भागत हे!" आणखी हसले.

"पुन्हा," मिस्त्री म्हणाले.

पुन्हा तेच. आता कोणी हसलं नाही. जीप डोलत डोलत रांगेबाहेर गेली आणि मुरमाच्या ढिगाला लागून थांबली. गुराखी ड्रमावरून उठला होता. तो काठी जीपकडे दाखवत म्हणाला, "अइसनेच. ओ दिन घलो अइसनेच डोलत रिहिस." त्या दिवशीही अशीच डोलत होती.

मिस्त्री टपरीवरच्या माणसांकडे वळले. "याच्या गळ्यात कंठी हाय. यानं बी घेतली का? वास घेऊन पाहा."

कोणी जागचं हललं नाही. साहेब पुढे आले. त्यांना कळलं होतं आणि कळल्याचं त्यांना दुःख झालं होतं, हे दिसत होतं. त्यांनी हळूच विचारलं, "मिस्त्री, तुम्ही तर सगळ्यांना मैदान देता. नामदेवला दिलं नाही?"

हा प्रश्न येणार हे मिस्त्रींना माहीत होतं. हा प्रश्न यावा म्हणूनच त्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं. त्यांनी हात पुसले. आवाज मोठा केला, बायकांपर्यंत जाईल इतका.

"नाही देल्लं. गाडी लय चांगली झाली होती, तिच्यात भुललो. दारू नव्हती साहेब. मी होतो."

लोक पांगले. टपरीवरचा एक जण मिस्त्रींजवळ थांबला, मग पडलेला ड्रम उभा करून गेला. रुक्मावहिनी उभीच होती. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि शकूला खाली उतरवलं. "शकू," ती म्हणाली, "मोठ्या बाबाले म्हन, घरी चला."

मिस्त्री बादलीत हात धूत होते. मान वर न करता म्हणाले, "शकू, आईले सांग, येतो." आणि हात धूतच राहिले. वहिनी वाट पाहून गेली. ते त्या दिवशी घरी गेले नाहीत, आणि नंतरही नाही. गॅरेजच्या एका कोपऱ्यात त्यांनी खाट टाकली. वहिनी डबा पाठवायची. ते जेवायचे, डबा धुऊन परत पाठवायचे.

साहेबांनी त्यांना समज देऊन प्रकरण मिटवलं. पुढे वहिनीला शाळेत आयाचं काम मिळालं, त्यातही साहेबांचाच हात होता. मिस्त्री इंजिनं करायचे, ब्रेक करायचे. स्टीअरिंगचं काम आलं की दुसऱ्याकडे द्यायचे आणि तो करत असताना बाहेर जाऊन उभे राहायचे. मी एकदा कथा सांगायला गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. निकाल दिला नाही.

मग त्यांनी खाणींकडे बदली मागून घेतली. त्या सकाळी सामानाचा ट्रक गेटाशी उभा होता. ड्रायव्हरनं आपल्या शेजारची जागा झटकली आणि हाक मारली, "काका, पुढे या ना, मागं धूळ लय येते."

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. ते मागच्या फळीवर चढले आणि पत्र्याच्या पेटीवर बसले, तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे. मी हात वर केला. त्यांनीही केला. ट्रक हलला तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, तळवे वर करून, आणि त्या तळव्यांकडेच पाहू लागले. धुळीत दिसेनासे होईपर्यंत ते तसेच बसले होते.

पुढे आमची भेट झाली नाही. शकू आता मोठी आहे, तिला स्वतःची मुलं आहेत. ती वर्षातून एकदा त्यांना भेटायला जात असे, ते फार बोलत नसत असं सांगते. ते गेले तेव्हा तीच जवळ होती.

गॅरेज तिथून कधीच हललं. मैदानावर आता क्वार्टरांची एक ओळ आहे. रुक्मावहिनी अजून कॅम्पातच राहते. वस्तीत तिला नामदेव ड्रायव्हरची बायको म्हणून ओळखतात. त्यापुढे कोणी काही जोडत नाही.